गुलफिदानची डावी भुवई

पर्स तीच, कानातले तेच, ओढणी तीच, बाई वेगळी. शुब्रा मोहल्ल्यातल्या कुनाफ्याच्या रांगेत सकाळी साडेनऊला हे वाक्य मी दुसऱ्याच्या मोबाइलवर वाचलं. मोबाइल मेरिहानचा. आमच्या खालच्या मजल्यावर राहते, कॉलेजात जाते, मला अब्ला म्हणजे ताई म्हणते. "अब्ला, बघा, तुमच्या बाई," असं म्हणत तिने मोबाइल माझ्या नाकाशी धरला. अकरा सेकंदांचा तुकडा होता, आमच्या मालिकेच्या अकराव्या भागातला. आमची नायिका इग्लाल हम्दी जिना चढून दाराशी येते. गाल ओघळलेले, कपाळावर तीन आठ्या, धाप. दार उघडून आत जाते. आत वळते, आणि कपाळ ताणलेल्या चादरीसारखं, गाल भरलेले, डावी भुवई वर चढलेली, जणू घरात कशाचा तरी वास येतोय. खाली लोकांचा पाऊस पडला होता. हे दार कुठे मिळतं, सासूला पाठवायचंय. आई आत गेली, धाकटी मावशी सापडली. दारामागे इस्त्रीवाला बसतो का. आणि या सगळ्यांत वर, बेचाळीस हजार लोकांना आवडलेलं ते एक: राकोर सांभाळणाऱ्याला सलाम, पर्स तीच, कानातले तेच, ओढणी तीच, बाई वेगळी.

राकोर सांभाळणारी मी. मालिकेतलं एकच दृश्य कधी दोन दिवसांत, कधी दोन महिन्यांत तुकड्यातुकड्याने चित्रित होतं. कप कुठल्या हातात होता, चहा किती उरला होता, कुठलं बटण उघडं होतं, हे मी लिहून ठेवते, फोटो काढते, आणि पुढच्या तुकड्याला जुळवून देते. जुळलं तर कोणाला कळत नाही की मी आहे. तेहतीस वर्षं कोणाला कळलं नाही. मला वाईट वाटलं. नाही, हे खरं नाही, पुन्हा घेते. मला आनंद झाला. लाज वाटावी असा, कानशिलं तापवणारा आनंद. ओढणी तीच, हे कोणीतरी पाहिलं होतं. ओढणीची गाठ डाव्या खांद्यावर, एक टोक ओलं, कारण जिन्यात नळ गळतो. ते ओलं टोक मी स्वतः बाटलीतल्या पाण्याने भिजवलं होतं, आणि बेचाळीस हजार लोकांनी त्याला सलाम केला होता. मागे वळून सांगावंसं वाटलं, ती मीच. पण मागे दोन बायका भांडत होत्या. एकीचं म्हणणं, साठी उलटलेल्या बाईला लाज नको का, देवाने दिलेलं तोंड असं शिवून घ्यायला. दुसरी म्हणाली, दोन वर्षांपूर्वी शोकसभेतला तिचा फोटो आला तेव्हा तूच म्हणाली होतीस ना, कबरीतून उठून आली का म्हणून. पहिली म्हणाली, मग खोटं काय बोलले?

"म्हणजे तिने करायचं तरी काय?"

"घरी बसायचं. आपण बसलोय ना."

दोघी हसल्या, त्यांच्या पुढ्यात तव्यावर कुनाफ्याच्या गोल गोल शेवया पडत राहिल्या, आणि तेवढ्यात शौकत बे, आमचे निर्माते, यांचा फोन आला. दृश्य चारशे नऊ आजच घ्यायचं, तीनला ये, आणि आधी मला भेट. सव्विसावा रोजा. आजचा भाग आज रात्री साडेआठला दाखवायचा होता आणि त्यातलं शेवटचं दृश्य अजून अर्धंच झालेलं होतं. रमजानात आमचं असंच चालतं, पुढे रूळ टाकत टाकत गाडी हाकायची. मी कुनाफा न घेताच रांगेतून निघाले.

दुपारी मायक्रोबसमध्ये खिडकीशी बसले आणि ती शोकसभा डोक्यात सुरू झाली. आमचा म्हातारा प्रकाशवाला गेला होता, ज्याने वीस वर्षं इग्लालच्या तोंडावर उजेड टाकला तो. मशिदीच्या दाराशी कॅमेरेवाले दोन ओळींत उभे, लग्नाच्या वरातीला उभे राहावेत तसे. मयताला जाताना कोण रंग लावतं? ती तशीच आली, रडून सुजलेले डोळे, काळी ओढणी, मान उघडी. दुसऱ्या दिवशी तो फोटो सगळीकडे होता, खाली लिहिलेलं, ओळखा पाहू. दुपारी तिचा फोन आला. रुहा, मी खरंच अशी दिसते? तिच्या चेहऱ्यावरचा तीळ न् तीळ मला पाठ. मी म्हणाले, उजेड वरून होता. ते खरं होतं. माणूसच गेला होता उजेड नीट टाकणारा. पण तिने विचारलं होतं ते उजेडाबद्दल नव्हतं, आणि तिला कळलं की मी दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं.

म्हणून या फेब्रुवारीत, मधे नऊ दिवस चित्रीकरण थांबलं तेव्हा, ती मोहन्दसीनमधल्या त्या डॉक्टरकडे गेली. मी सोबत. डॉक्टर तरुण, मनगटावर बशीएवढं घड्याळ. शिंप्याने बाईसाहेबांना कापड विचारावं तसं त्याने विचारलं, "कुठल्या सालचा चेहरा हवाय, हानम?" तिने पर्समधून फोटो काढून दिला. फोटो तिने निवडला होता. नाही. पुन्हा घेते. फोटो मी निवडला होता. ती म्हणाली होती, रुहा, तुझ्या पेट्यांत मी सगळी पडलेय, माझा एक चेहरा आणून दे. माझ्या घरी पलंगाखाली सत्तावीस पेट्या आहेत, राकोरचे फोटो, सालाप्रमाणे लावलेले. रात्रभर मी तिच्यात हात घालून बसले होते. हसणारी, जेवणारी, जांभई देणारी इग्लाल. विग नीट करणारी, पाय सुजलेली. आणि मी उचलला तो अठ्ठ्याण्णवचा, तेव्हाच्या मालिकेतल्या गुलफिदान हानमचा. पाशाची बायको, मोत्यांचा सर, डावी भुवई वर. सराचा फासा कुठल्या बाजूला होता ते कळावं म्हणून काढलेला फोटो. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते, तो फोटो काढायला गरजेपेक्षा जास्त वेळ घेतला होता, कारण एवढी सुंदर बाई मी त्याआधी कधी इतक्या जवळून पाहिली नव्हती. डॉक्टरने फोटो उजेडासमोर धरला, छान आहे म्हणाला, आणि कामाला लागला. कपाळात सुया, गालांत भर, कानशिलाजवळून आत ओढलेले दोरे. दोन महिने दाबायचं नाही, कुशीवर झोपायचं नाही, नातवंडांना पापे घेऊ द्यायचे नाहीत.

सूज उतरली तेव्हा भुवई तिथेच राहिली. मी निवडलेल्या फोटोत इग्लाल नव्हतीच. एका दृश्याच्या मधोमध, नोकरावर नाराज झालेली गुलफिदान होती, आणि डॉक्टरने प्रामाणिकपणे ती नाराजी कायमची बसवून दिली होती. आणि या वर्षी इग्लालची भूमिका कुठली, तर उम्म साबिर, म्हणजे साबिरची आई, अलेक्झांड्रियातल्या कोळीवाड्याशेजारी लोकांचे शर्ट इस्त्री करणारी विधवा. आता ती पाशाच्या बायकोच्या भुवईने लोकांचे शर्ट इस्त्री करते.

मग अकराव्या भागाचा आतला तुकडा घेताना मला दिसलं कसं नाही? हे मी सकाळपासून स्वतःला विचारतेय, आणि मायक्रोबस पुलावर चढली तेव्हा उत्तर एकदम समोर आलं, इतकं एकदम की मी शेजारच्या बाईचा हात धरला. मला दिसलं होतं. दारातून आत वळलेला चेहरा मी पाहिला, आणि डॉक्टरच्या आधी, जानेवारीत घेतलेल्या जिन्याच्या तुकड्याशी ताडून पाहण्याऐवजी माझ्या डोळ्यांनी तो पलंगाखालच्या पेटीशी ताडून पाहिला. तिथे तो तंतोतंत जुळला. मी वहीत लिहिलं: दृश्य १६०. आत. संध्याकाळ. पर्स उजव्या हातात. कानातले पितळी, छोटे. ओढणी ओली. सगळं बरोबर. हो, अशीच तर दिसते ती, असं वाटून मी वही मिटली. शेजारच्या बाईने विचारलं, काही दुखतंय का? मी नाही म्हणाले. माझ्याकडे तिने नीट पाहिलं, अठ्ठावन्न वर्षांची बाई, ओळखपत्रावरच्या एका फोटोपलीकडे जिचा कोणी फोटो ठेवलेला नाही. मधल्या कुठल्यातरी वर्षी माझ्या आईची मान माझ्या अंगावर चढली, कधी ते मला माहीत नाही. त्या तारखेची नोंद नाही. आणि गंमत म्हणजे त्याचं दुःख होत नव्हतं, अंगात नुसती घाई भरली होती, पोचायची, ते दृश्य पाहायची.

सेटवर पोचले तर मंडपाच्या मधोमध एक दार उभं होतं. फक्त दार. उम्म साबिरचं स्वयंपाकघर पाचव्या रोज्यालाच मोडलं होतं, तिथे आता दुसऱ्या मालिकेचं सोनाराचं दुकान. आमच्या दृश्याचा पहिला अर्धा भाग फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, डॉक्टरच्या आधी घेतलेला: उम्म साबिर इस्त्री करतेय, दारावर थाप पडते, ती हात पुसते, दाराशी जाते, कडीवर हात ठेवते. तेवढ्यात शेजाऱ्याचं काम करणारा नट आजारी पडला आणि राहिलं. उरलेला अर्धा आज: दार उघडतं, शेजारी सांगतो की होडी बुडाली, साबिर गेला, आणि तिचा चेहरा. फक्त चेहरा, जवळून, जितका वेळ टिकेल तितका वेळ. म्हणजे पुन्हा दार. पुन्हा दाराच्या एका बाजूला जुना चेहरा, दुसऱ्या बाजूला नवा.

शौकत बेंनी मला दारामागे नेलं, म्हणजे दारामागे काहीच नव्हतं तिथे. माणूस वाईट नाही, रोज्यात सिगारेट नसल्यामुळे पेन चावतो. त्यांनी सगळं ठरवलं होतं. आजच्या टेकवर संगणकवाल्याकडून इग्लालचा जानेवारीतला चेहरा बसवायचा, पुढच्या वेळी त्याच बांध्याची कोणीही बाई उभी केली तरी चालेल. फोटो माझ्याकडचे. तिचाच चेहरा, परक्याचा नाही, तिचाच फायदा, लोकांची तोंडं बंद. तिला विचारलंत का, मी म्हणाले. करारात आहे, ते म्हणाले. आधी तिचा टेक होऊ दे, मग दिग्दर्शक हातिम नेहमीप्रमाणे तुला विचारेल.

"तू फक्त म्हणायचं, जुळत नाही. तुझ्या शब्दाबाहेर हातिम जात नाही. आणि खोटं बोल असं थोडंच सांगतोय मी? जुळत नाहीच आहे."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर लोक विचारतायत त्या दाराचा राकोर कोणाचा. नाव लिहायला मला किती वेळ लागतो, मिस रौहिया?"

मी मनात जुळवून पाहिलं. खरं बोलले तर आज इग्लाल जाते. आज चेहरा बसला की पुढच्या रमजानात तिला बोलवायचं कारण उरत नाही. पेट्या आहेत, सत्तावीस. खोटं बोलले तर रात्री साडेआठला आख्खा देश पुन्हा हसतो, या वेळी मेलेल्या मुलावर. आणि मी उभी कुठे, तर जुळतं की नाही हे सांगणारी म्हणून तेहतीस वर्षं एकदाही खोटं न बोललेली.

इग्लाल खुर्चीत बसली होती, उम्म साबिरच्या काळ्या झग्यात, ओठ रोज्याने कोरडे. तिचा मेकअपवाला, म्हातारा अम लबीब, आम्हा सगळ्यांचा काका, तिच्या मानेवर घाम टिपत होता. मला पाहून तिने त्याला पाठवलं. दारामागे काय सांगितलं त्याने, असं विचारलं. मी सगळं सांगितलं. ती थोडा वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. हातांना डॉक्टरने काही केलं नव्हतं. हात एकसष्ट वर्षांचेच होते.

"रुहा, कपाळ ऐकत नाही गं. आतून ढकलते, वर पोचतच नाही. कोणाच्या तरी बंद घराची बेल वाजवल्यासारखं होतं."

मी सांगून टाकलं. फोटो चुकीचा होता, मी आणला, तू नव्हतीस त्यात, गुलफिदान होती. मला वाटलं आता ती ओरडेल, निदान भुवई हलेल. ती म्हणाली की तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं, फोटो हातात घेतला तेव्हाच.

"मग डॉक्टरला दिलास का?"

"मलाही तीच आवडायची." आणि मग जरा पुढे वाकून, गुपित सांगावं तशी, "त्या बाईला अकरा नोकर होते. रडायचा एकसुद्धा सीन नव्हता तिला, आठवतंय? लेखकाने दिलाच नाही."

आम्ही हसलो. म्हणजे मी हसले, तिचं तोंड तेवढं हसलं. हातिमने हाक मारली. छत्तीस वर्षांचा पोरगेला दिग्दर्शक, तिला अजून हानम म्हणताना अडखळतो. त्याने तिला एवढंच सांगितलं की काही करू नका, नुसत्या ऐका, कॅमेरा शोधेल. सगळे उभे राहिले. तंत्रज्ञ, वाढपी, सोनाराच्या दुकानावरचे सुतारही काम थांबवून आले. काही मोबाइल छातीशी धरलेले, मला दिसत होते. सगळ्यांना तेच पाहायचं होतं जे मेरिहानने पाहिलं होतं. मलाही. माझी पेन्सिल वहीवर आपोआप टिंबं काढत होती.

कडी सरकली. दार उघडलं. शेजारी म्हणाला, उम्म साबिर, होडी बुडाली, पोरं आली, साबिर. पुढे तो बोलला नाही, संवाद तेवढाच होता. कॅमेरा तिच्यावर. एक. दोन. काही नाही. कपाळ गुळगुळीत, गाल भरलेले, डावी भुवई वर. मुलगा मेल्याची बातमी आणि चेहरा असा, जणू दूध नासल्याचं सांगितलंय. तीन. चार. मागे कोणीतरी नाकातून हसलं, मी ऐकलं, तिने ऐकलं असणारच. पाच. तिची मान हलली. मानेतल्या दोन शिरा दोरखंडासारख्या वर आल्या, खाली गेल्या, काहीतरी खालून चढून येत होतं आणि हनुवटीशी अडत होतं. सहा. आणि तिचा उजवा हात वर आला आणि तिने स्वतःच्या गालावर मारलं.

हे संहितेत नव्हतं. गावी, मिन्याला, माझे काका वारले तेव्हा काकूने असंच मारून घेतलं होतं, बायका हात धरत होत्या आणि ती हात सोडवून मारत होती. आवाज तोच, ओल्या कपड्याचा दगडावर होतो तसा. उजवा गाल, डावा गाल, मग दोन्ही हात एकदम. दोरे आत आहेत, दाबायचंही नाही म्हणाला होता डॉक्टर, हे माझ्या डोक्यात ओरडत होतं. चेहरा अजून हलत नव्हता. भुवई तशीच वर, तुच्छतेने बघणारी, आणि त्या चेहऱ्यावर थपडा पडत होत्या. मला वाटलं, ही शर्ट इस्त्री करणारी बाई पाशाच्या बायकोला मारतेय. आपल्या दुःखाच्या आड आलेल्या, काहीही न होणाऱ्या त्या सुंदर बाईला, जिला मी एकतीसव्या वर्षी जिवापाड जपून पेटीत ठेवलं होतं. आणि मला ते हवं होतं. मी मनात म्हणत होते, अजून. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते कधी, मला दिसलं नाही. माझंही वाहत होतं आणि माझी पेन्सिल मोडली होती.

हातिमने थांबवायला फार वेळ लावला. छातीशी धरलेले मोबाइल खाली गेले. जाड चष्म्याचा संगणकवाला पडद्याजवळ बसला होता, तो पहिला बोलला, हळूच, शौकत बेंना: हात आलाय तोंडावरून, सारखा, यावर आजच्या आज चेहरा नाही बसवता येणार. शौकत बे म्हणाले, मग अजून एक घ्या, आत्ता, हात खाली ठेवून. हातिमने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मी इग्लालजवळ गेले. दोन्ही गालांवर बोटं उठली होती, उजव्या गालावर चार, स्पष्ट. मी म्हणाले की वर बसवलेल्या चेहऱ्यावरही खालचा रंग उतरतो, दार उघडतानाच गाल लाल दिसतील, अजून बातमी ऐकली नाही आणि बोटं आधीच उठलेली, हे चालणार नाही. तासभर तरी उतरणार नाहीत. तासाभराने संकलकाच्या हातात द्यायचंय.

"पावडर मारा," शौकत बे म्हणाले. "लबीब."

अम लबीब आला. एका नटाचा काळानिळा डोळा या माणसाने चार मिनिटांत नाहीसा केलेला मी पाहिला आहे. त्याने तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, चष्मा कपाळावर ढकलला, आणि गिऱ्हाईकाचं नाणं तपासावं तसा बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "या गर्मीत धरणार नाही, बे. ओघळेल." आणि हातातला पफ एप्रनच्या खिशात टाकून दिला.

शौकत बेंच्या तोंडात पेन होतं. ते त्यांनी काढलं आणि मला अगदी शांतपणे, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "ठीक. राकोर सांग. आधीच्या अर्ध्याशी जुळतं का?"

"नाही," मी म्हणाले. "आधीच्या अर्ध्यात तिचा मुलगा जिवंत आहे."

हातिम पुढचं दृश्य लावा म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. कोणीतरी माझ्या हातात दुसरी पेन्सिल दिली आणि मी उभ्या उभ्याच लिहायला लागले, अक्षर इतकं वेडंवाकडं की मलाच वाचवत नव्हतं: दृश्य ४१०. तीच. दोन्ही गाल लाल, उजवा जास्त. चेहरा जसा आहे तसा पुढे न्यायचा.